आधी माझे नाव लावा

घराची किल्ली कुठे टांगलेली असते हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण घराचे खरेदीखत कुठे आहे असे विचारले, तर मोठी माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. कुणी म्हणते, पत्र्याच्या ट्रंकेत असेल. कुणी म्हणते, वकिलाकडे दिले होते, ते परत आणले की नाही कोण जाणे. तीन पिढ्या ज्या घरात नांदल्या, ते घर कागदोपत्री कुणाचे, हे नक्की सांगू शकणारे माणूस बहुधा नुकतेच गेलेले असते. मग दिवसकार्य आटोपले की कागदांची शोधाशोध सुरू होते आणि तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी येते.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरात २०१८ च्या उन्हाळ्यात नेमके हेच झाले. घर जुने. मागच्या अंगाला अजून खापऱ्यांचे छप्पर. दर पावसाळ्यात गळतीखाली पातेली मांडायची आणि रात्री उठून ती रिकामी करायची. दोघा भावांनी ठरवले की बँकेचे कर्ज काढून मागची बाजू पाडायची आणि पक्की बांधायची. बँकेने कागदांची यादी हाती दिली. पहिल्या ओळीत मूळ खरेदीखत होते आणि दुसरीत मालकीची साखळी, म्हणजे घर कुणाकडून कुणाकडे कसे आले त्याचा तीस वर्षांचा हिशेब.

ट्रंक उघडली. तिच्यातून नगर निगमच्या घरपट्टीच्या पावत्या निघाल्या, त्या आजोबांच्या नावाच्या. विजेची बिले निघाली, ती वडिलांच्या नावाची. जुन्या लग्नपत्रिका निघाल्या, कुंडल्या निघाल्या, एका मुंजीचा खर्च लिहिलेली वहीसुद्धा निघाली. खरेदीखत मात्र नव्हते. वडील २०१२ मध्ये गेले होते आणि आईने आयुष्यात कधी त्या ट्रंकेला हात लावला नव्हता.

दोघेही भाऊ नोकरीचे. वेळ कुणालाच नाही. साहजिकच हे काम थोरल्या सुनेच्या वाट्याला आले. ती शाळेत शिक्षिका, आणि शाळेला सुट्टी होती. माहेर अमरावतीचे. सातबारा, फेरफार, दुय्यम निबंधक हे शब्द तिने वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेले. तिला वाटले, दोन दिवसांचे काम आहे.

नाव वेगळे, काम तेच

पहिल्याच दिवशी लक्षात आले की इथे शब्दच वेगळे आहेत. आपल्याकडचे खरेदीखत इथे बैनामा किंवा विक्रय विलेख. दुय्यम निबंधक इथे उप पंजीयक. फेरफार म्हणजे नामांतरण, वारसनोंद म्हणजे फौती नामांतरण. तलाठ्याचा सातबारा इथे नाही, पटवाऱ्याचा खसरा आणि बी-वन आहे. चतुःसीमेला चौहद्दी म्हणायचे. शहरातल्या सरकारी जागेला नजूल म्हणायचे आणि तिची कचेरीही निराळी. कलेक्टोरेटच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या दस्तलेखकाने एका दमात हे सगळे सांगितले, तेव्हा तिने पर्समधली वही काढून शब्द लिहून घ्यायला सुरुवात केली. शिक्षिकेची सवय कामी आली.

खरे पाहता रायपूरच्या मराठी माणसाला हे शब्द परके वाटू नयेत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर अठराव्या शतकातच आला. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार पाहत होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी रायपूर नागपूरशी बांधलेलेच राहिले, कारण १८६१ मध्ये झालेल्या मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच होती. स्वातंत्र्यानंतर प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले, राजधानी बदलली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूरची राजधानी भोपाळ झाली. २००० साली त्याच तारखेला छत्तीसगढ राज्य होऊन रायपूर स्वतःच राजधानी बनले.

या सगळ्या उलाढालीत मराठी घरे इथेच राहिली. 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे आणि त्यांचे सहकारी, सहकारी चळवळीतले वामनराव लाखे ही याच समाजातली माणसे. त्यांची नावे रायपूरच्या शाळेला आणि वस्तीला आहेत. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी सवय इथल्या मराठी कुटुंबांना पिढ्यान्पिढ्या आहे. पण या सवयीचा कागदावर काय परिणाम होतो, ते कागद शोधायला निघाल्यावरच कळते.

नावात काय नसते?

नोंदणी कचेरीत शोध घ्यायला कुणाची ओळख लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. १९०८ चा नोंदणी कायदा देशभर लागू आहे. स्थावर मालमत्तेचे दस्त ज्यात उतरवतात ते पहिल्या क्रमांकाचे पुस्तक आणि त्याच्या अनुक्रमणिका कायद्याच्या ५७ व्या कलमाने सर्वांना खुल्या आहेत. ठरलेली फी भरायची, अर्ज द्यायचा आणि शोध घ्यायचा. मृत्युपत्रांचे पुस्तक मात्र निराळे. ते असे कुणालाही पाहता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

अनुक्रमणिका मुख्यतः दोन. पहिलीत माणसांची नावे, म्हणजे देणारा कोण आणि घेणारा कोण. दुसरीत मालमत्तेचा तपशील, म्हणजे जागा कुठली. दस्ताचे वर्ष ठाऊक असेल तर काम सोपे. नसेल, तर एकेका वर्षाची अनुक्रमणिका पालथी घालावी लागते.

घरातली आठवण एवढीच होती की 'आजोबांनी हे घर पन्नास-पंचावन्नच्या सुमाराला घेतले'. सुनेने आजोबांच्या नावाने १९५० पासून शोध सुरू केला. जुन्या पुस्तकांची पाने पिवळी पडलेली, कडा तुटत चाललेल्या, शाई कुठे तांबूस तर कुठे पुसट. लिपिक पुस्तक काढून देई, ती नावांवरून बोट फिरवी. १९५० झाले, ५१ झाले, असे करत करत ६० सालापर्यंत आली. आजोबांचे नाव कुठेच नाही.

मग तिच्या लक्षात आले की मराठी नाव हिंदी कचेरीत जसेच्या तसे उतरत नाही. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. इथे नाव, मग वल्द किंवा आत्मज, मग वडिलांचे नाव, त्याला जोडून 'राव', आणि आडनाव कधी असते तर कधी गळलेले असते. त्यात आडनावात 'ळ' असेल तर तो 'ल' होतो. या घराच्या आडनावात तो होता. म्हणून तिने सारी वर्षे पुन्हा एकदा तपासली, या वेळी 'ल' धरून. तरी हाती काही नाही.

चौथ्या दिवशी घरी परतताना तिला भावाचा पुण्याचा फ्लॅट आठवला. महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाच्या फायलीत एक कागद असतो, त्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात. ती हीच दुसरी अनुक्रमणिका, मालमत्तेची. माणूस सापडत नसेल तर जागा शोधावी! दुसऱ्या दिवशी तिने दुसरी अनुक्रमणिका मागितली आणि पारा, रस्ता, शेजाऱ्यांची घरे यांवरून शोध घेतला. १९५४ च्या पानावर जागा सापडली. पूर्वेला अमक्याचे घर, पश्चिमेला गल्ली, उत्तरेला विहीर. विहीर आता बुजली होती, पण सासूबाई तिची जागा अजून दाखवत असत.

घेणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचे नाव नव्हते. तिथे एका बाईचे नाव होते. पुढे 'जौजे' असा शब्द, म्हणजे अमक्याची पत्नी, आणि त्यानंतर आजोबांचे नाव. घर आजोबांनी घेतलेच नव्हते. ते आजींच्या नावाने घेतलेले होते. चौसष्ट वर्षे सगळे ज्याला आजोबांचे घर म्हणत होते, ते कागदावर आजींचे घर होते.

घरात पसरलेली शांतता

प्रमाणित नक्कल हाती आली. मूळ दस्त हरवला असेल, तर त्यात काय लिहिले होते हे दाखवायला अशी नक्कल कायद्याने चालते. आता बँकेचे काम होईल असे वाटले. पण संध्याकाळी जेवणाच्या पाटावर नक्कल वाचली गेली आणि सगळे गप्प झाले, कारण आजींना दोन मुले होती. एक वडील, आणि दुसरी नागपूरला दिलेली आत्या.

आजी १९७९ मध्ये गेल्या, आजोबा त्यांच्याही आधी. मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे स्त्रीच्या मालमत्तेचे पहिले वारस म्हणजे तिचे मुलगे, मुली आणि नवरा. नवरा हयात नव्हता. म्हणजे आजी गेल्या त्या क्षणी अर्धे घर वडिलांचे झाले आणि अर्धे आत्याचे. वडिलांच्या अर्ध्यात त्यांची पत्नी आणि दोन मुलगे, तिघांचे सारखे हिस्से. भाऊ आजवर घर आपल्या दोघांचे समजत होते. हिशेब मांडला तर प्रत्येकाच्या वाट्याला सहावा हिस्सा येत होता. आई, जिला कुणी कधी काही विचारले नव्हते, तिचाही सहावा. आणि वर्षातून एकदा भाऊबीजेला येणाऱ्या आत्याचा अर्धा.

धाकटा भाऊ म्हणाला, "आत्याला कशाला गुंतवायचे? नगर निगममध्ये आजोबांचे नाव आहे, तेच धरून चालू. ही नक्कल कुणी पाहिली आहे?"

थोरला म्हणाला, "नाहीतर एक सही आणू तिची. आत्या नाही म्हणणार नाही. साडी-चोळी घेऊन जाऊ."

ही वाक्ये काही वाईट माणसांची नव्हेत. अशी वाक्ये आपल्याकडे चांगल्या घरांतून रोज बोलली जातात. बहिणीने सही करून द्यायची, आणि त्याच्या बदल्यात तिचे माहेर शाबूत राहते, असा एक न बोललेला करार असतो. सही कशावर केली हे बहीण वाचत नाही, आणि भाऊ वाचून दाखवत नाही.

कायदा कुठे होता, कुठे आला

कायदा बहिणीच्या बाजूचा आहे असे आपण सहज म्हणतो. पण तो तसा व्हायला फार वर्षे लागली. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, तो हयातीपुरता. १९५६ मध्ये स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक झाली आणि मुलीला मुलाबरोबरीने वारसा मिळाला. पण त्याच कायद्यात २३ वे कलम होते. घरातले पुरुष वारस वाटणी करायचे ठरवीत नाहीत तोवर राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क मुलीला नाही, असे ते कलम सांगत होते. म्हणजे १९७९ मध्ये आत्याचा अर्धा हिस्सा होता, पण तो मागायची सोय नव्हती. मागणार तरी कशी? तो आहे हेच तिला कुणी सांगितले नव्हते.

९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम गेले. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हिस्सेदार झाली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत असे नाही. आणि एक गोष्ट नोंदणीशी थेट निगडित आहे. 'आमची वाटणी पूर्वीच तोंडी झाली' असे म्हणून मुलीला बाजूला ठेवता येऊ नये, म्हणून दुरुस्तीपूर्वीची वाटणी नोंदलेल्या दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली असली पाहिजे, असे कायद्यातच लिहिले आहे. तोंडी वाटणी न्यायालय क्वचितच मानते, तीही सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर.

थोडक्यात, बोललेले हवेत विरते आणि नोंदलेले उरते. हे सुनेला त्या पाच दिवसांत पुस्तकांच्या कपाटांसमोर उभे राहून चांगलेच कळले होते. ती म्हणाली, "आत्याला फोन मी करते. आणि नक्कल वाचून दाखवते. सही मागायची ती त्यानंतर."

आत्याचे उत्तर

आत्या तेव्हा बहात्तर वर्षांच्या. फोनवर त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. आईचे नाव आणि पुढचा 'जौजे' ऐकून थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईच्या पाटल्या मोडल्या होत्या त्या घरासाठी. मी आठ वर्षांची होते. तिचे हात मोकळे दिसले म्हणून मी रडले होते. तिच्या नावावर घेतले असेल हे मला कधी सुचले नाही."

सही करशील का, असे थोरल्या पुतण्याने फोन घेऊन विचारले. आत्या म्हणाल्या, "करीन. पण आधी माझे नाव लावा. मग सोडायचे की ठेवायचे ते मी ठरवीन. जे माझे म्हणून कुठे लिहिलेलेच नाही, ते मी सोडू कसे?"

भावांना हे जरा लागले. आत्याला लोभ सुटला की काय, अशी कुजबुजही झाली. सासूबाईंनी ती ऐकली. एरवी अशा बोलण्यात न पडणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "तिचे लावाल तेव्हा माझेही लावा."

तीन कचेऱ्या, तीन नावे

नाव लावायचे म्हणजे काय करायचे? इथे बहुतेक घरांची गफलत होते, कारण घराचा कागद एका जागी नसतो. नोंदणी कचेरीत व्यवहाराचा दस्त असतो. जमिनीचा अभिलेख पटवारी आणि तहसीलदाराकडे, नजूल जागा असेल तर नजूल कार्यालयात. आणि घरपट्टीचे खाते नगर निगममध्ये. तिन्ही ठिकाणी तीन वेगळी नावे असू शकतात, आणि या घराची तशीच होती. दस्त आजींचा, घरपट्टी आजोबांची, वीजबिल वडिलांचे.

यातले कोणते नाव खरे? घरपट्टीच्या पावतीने मालकी ठरत नाही, ती फक्त कर कोण भरतो ते सांगते. नामांतरणानेही मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. ती महसुलाच्या सोयीसाठी केलेली नोंद. आणि नोंदलेला दस्तसुद्धा एवढेच सांगतो की अमक्याने तमक्याला अमुक दिवशी लिहून दिले. देणाऱ्याकडे ते होते की नाही, याची हमी नोंदणी कचेरी घेत नाही.

जगात सगळीकडे असे नाही. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये निराळी पद्धत आणली. तिथे सरकारी वहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि त्या नोंदीमागे सरकार उभे राहते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आपल्यासारखीच दस्ताची नोंद होते. म्हणून तिथे घर घेणारे मराठी कुटुंबही आधी जुन्या दस्तांचा शोध करवते आणि वर मालकीचा विमा उतरवते. आपल्याकडे त्या विम्याची जागा वकिलाचा शोध अहवाल आणि घरच्यांची आठवण भरून काढतात. म्हणूनच बँका जुन्या साखळीचा एवढा आग्रह धरतात. एक दुवा निसटला की पुढचे सारे कागद लोंबकळतात.

फौती नामांतरणाचा अर्ज गेला. सोबत आजींच्या आणि वडिलांच्या मृत्यूचे दाखले, वंशावळ, दस्ताची नक्कल. इश्तहार निघाला, म्हणजे कुणाची हरकत असल्यास कळवावे अशी जाहीर सूचना. हरकत आली नाही. यथावकाश आदेश निघाला आणि त्यात चार नावे आली. पहिले आत्याचे, मग सासूबाईंचे, मग दोघा भावांचे. बँकेच्या कागदांवर चौघांनी सह्या केल्या. आत्या त्यासाठी नागपूरहून आल्या, आणि भाच्या-पुतण्यांना पहिल्यांदाच कळले की आत्याची सही मोडी वळणाची, झोकदार आहे.

नोंद करताना

मागची बाजू बांधून झाल्यावर दीड वर्षाने आत्यांनी स्वतःहून सांगितले की आपला हिस्सा भावजयीच्या नावे करायचा आहे. पुतण्यांच्या नव्हे. "त्यांना पुढे मिळेलच. हिच्या नावावर आजवर काही झाले नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यासाठी दानपत्र करायचे ठरले. दानपत्र म्हटले की लोकांना वाटते घरच्या घरी कागदावर लिहिले की झाले. स्थावराचे दान नोंदणीशिवाय होत नाही. देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारणे, हे सगळे लागते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. अडचण आली तर आणखी चार महिन्यांची मुदत मिळू शकते, पण दंड भरून. हक्कसोडपत्र, ज्याला रायपुरात हकत्याग म्हणतात, तेही घराबाबत असेल तर नोंदवावेच लागते. नोटरीकडून शिक्का मारून आणलेला कागद त्याच्या जागी चालत नाही. मुखत्यारपत्रावर घर 'विकत' घेणाऱ्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की त्याने मालकी मिळत नाही.

माणूस फार थकलेले असेल, तर खास कारण दाखवून नोंदणी अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. आत्यांना त्याची गरज पडली नाही. उप पंजीयकांनी विचारले, "हे तुम्ही राजीखुशीने लिहून देत आहात ना? वाचले आहे ना?" हा प्रश्न रोज शेकडो वेळा विचारला जातो आणि बहुतेक बायका मान हलवून मोकळ्या होतात. आत्या म्हणाल्या, "वाचले आहे. दोनदा."

सासूबाईंनी स्वीकार केल्याची सही केली. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कागदावर अर्ध्याहून अधिक घर त्यांचे झाले, आणि ते त्यांच्या नणंदेने दिले. सासू-सून आणि नणंद-भावजय यांच्याविषयी आपल्याकडे ओव्यांपासून मालिकांपर्यंत काय काय सांगितले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे!

आज सोपे झाले, पण किती?

त्यानंतर छत्तीसगढमध्ये बरेच बदलले. २०२५ मध्ये नोंदणीच्या वेळीच नामांतरण व्हावे अशी व्यवस्था आली आणि जुन्या दस्तांचा शोध घरबसल्या घेण्याची सोय झाली. कुटुंबातल्या कुटुंबात होणाऱ्या दान आणि हकत्यागाच्या दस्तांचे नोंदणी शुल्कही कमी झाले. खरेदी स्त्रीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात सूट इथे पूर्वीपासून आहे. महाराष्ट्रातही २०२१ पासून घरखरेदीत स्त्रीला एक टक्का सवलत मिळते. काही घरांत बायकोचे नाव केवळ त्या एका टक्क्यासाठी लागते. तेही वाईट नाही. निदान लागते तरी.

पण संगणक तेच शोधतो जे त्याला सांगितलेले असते. पन्नास वर्षांपूर्वी 'ळ' चा 'ल' झाला असेल, आडनाव गळले असेल, किंवा घर आजींचे असताना आपण आजोबांचे नाव टाइप करत असू, तर पडद्यावर 'नोंद आढळली नाही' एवढेच उमटेल. त्यापुढचे घरातल्या माणसांनाच सांगावे लागते. विहीर कुठे होती, पाटल्या कुणाच्या मोडल्या, कोणत्या वर्षी आपण इथे राहायला आलो. ही माहिती कुठल्याही पुस्तकात नसते. ती सत्तरीच्या पुढच्या एखाद्या बाईजवळ असते, आणि तिला कुणी विचारत नाही.

म्हणून वाट न पाहता काही गोष्टी करून ठेवाव्यात. घरात एक वही करावी. तिच्यात दस्ताचा क्रमांक, तारीख, नोंदणी कचेरी, पुस्तक आणि पान लिहावे. जुन्या दस्ताच्या पाठीमागच्या शिक्क्यांत हे सगळे असते. तिन्ही कचेऱ्यांत कोणते नाव आहे ते तपासावे. कोणी गेले तर वर्षाच्या आत वारसांची नावे लावावीत, सगळ्या वारसांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींचीही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि बहिणीची सही हवी असेल तर कागद तिला आधी वाचायला द्यावा.

तात्यापाऱ्यातल्या त्या घरात अशी वही आता आहे. पहिल्या पानावर सुनेने आजींचे पूर्ण नाव लिहिले आहे, आडनावातल्या 'ळ' सकट, आणि त्याखाली कंसात कचेरीतले 'ल' चे रूप, म्हणजे पुढे शोधणाऱ्याची पंचाईत होऊ नये. तिची मुलगी सध्या बंगळूरला नोकरी करते. गेल्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा आईने वही तिच्या हातात दिली आणि सांगितले, "फराळ नंतर. आधी हे वाच. यात पुढे तुझेही नाव यायचे आहे."